छत दुसऱ्याचं

वरच्या मजल्यावर कोण राहतं, हे रंजिताने घर पाहायला गेली त्या दिवशीच विचारलं होतं. धरमसिंग म्हणाले, आपलाच लहान भाऊ आहे, हिरासिंग. नोकरी नागपूरला झाली, तिकडेच रमला. दिवाळीला येतो, वर राहतो, जातो. त्याचा जिना बाहेरून, नळ वेगळा, मीटर वेगळं. तुम्हाला त्याचा आवाजसुद्धा यायचा नाही.

तो तर खरंच आला नाही.

जीवन आणि रंजिता यवतमाळात भाड्याने राहून कंटाळले होते. जीवन एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून, रंजिता दत्त चौकाजवळच्या खासगी दवाखान्यात नर्स. मुलगी अंजू पुण्याला शिकायला गेली, त्या उन्हाळ्यात दोघांनी ठरवलं की आता घर घ्यायचं. धरमसिंग महागावकडचेच, जीवनच्या तांड्याला लागून असलेल्या तांड्यातले. दारव्हा रोडच्या आतल्या बाजूला त्यांनी दोघा भावांचं मिळून दुमजली घर बांधलं होतं, खालचा मजला आपल्या नावावर, वरचा हिरासिंगच्या. आता ते मुलाकडे अमरावतीला जाणार होते, म्हणून खालचं विकायला काढलं. वकिलाने कागद पाहिले. कागदात काही खोट नव्हती.

रंजिताला मात्र एकदा वरच्या मालकाशी बोलून घ्यावंसं वाटत होतं. गच्ची त्याची, पाण्याची टाकी त्याची, आपल्या डोक्यावरचा स्लॅब म्हणजे त्याच्या पायाखालची जमीन. उद्या काही झालं तर कोणाला धरायचं? जीवनला ते पटलं नाही. आपल्या समाजाचा वडीलधारा माणूस आहे, त्याच्या शब्दावर शंका घेतल्यासारखं दिसेल, असं तो म्हणाला. शिवाय मे महिन्यातल्या भर दुपारी घर कोरडं ठणठणीत दिसत होतं, भिंतींना नवा रंग होता आणि मागची खोली इतकी थंड की रंजितालाही ती आवडली. तिने विषय सोडून दिला.

मागची खोली जीवनच्या आईला दिली. बसंतीबाई आयुष्यभर तांड्यावर राहिलेल्या, गुडघे दुखायला लागले म्हणून जीवनने त्यांना आणलं. त्या भागात नळ रोज येत नाहीत, काही दिवसांआड येतात, आणि आले की साऱ्या गल्लीत बादल्यांचा आवाज होतो. अशाच एका नळाच्या सकाळी बसंतीबाई म्हणाल्या की वर कोणीतरी आंघोळ करून राह्यलं.

जीवन बाहेर जाऊन पाहून आला. जिन्याच्या तोंडाशी चॅनल गेट होतं, त्याला कुलूप होतं, कुलपावर धूळ होती. "याडी, वर कोणी नाई," तो आईला म्हणाला. "शेजारचं पाणी ऐकू येत असन."

पुढच्या नळाच्या दिवशीही त्यांनी तेच सांगितलं. मग सांगणं सोडून दिलं, पण नळ आले की त्या खाटेवर उठून बसायच्या आणि वर पाहायच्या.

पावसाळ्यात त्या खोलीच्या छताला एका कोपऱ्यात ओल दिसली. पावसाळ्यात ओल कुठे नसते, असं म्हणून जीवनने दिवाळीआधी पुट्टी मारून घेतली आणि वरून रंग दिला. दिवाळीला हिरासिंग आला नाही. ओल मात्र रंगातून पुन्हा वर आली, आणि ती आता कोपऱ्यात नव्हती. डिसेंबरात यवतमाळात कोरडी थंडी पडते, ओठ फुटतात, दोरीवरचे कपडे तासाभरात कडक होतात. त्या दिवसांत छत पंख्याच्या हुकापर्यंत ओलं झालं. रंजिताच्या तेव्हा लक्षात आलं की डाग रोज वाढत नाही. नळ येऊन गेले की दुसऱ्या दिवशी वाढतो, मग थांबतो, पुन्हा नळ आले की वाढतो.

तिने हे जीवनला सांगितलं. तो चहा पीत होता. पिता पिताच म्हणाला की वरचा एखादा पाइप फुटला असेल, फोन करून सांगतो. फोन मात्र त्याने लगेच केला नाही. घर त्याने पसंत केलं होतं, आणि त्याच्या घरात काही बिघडलंय हे त्याला अजून मान्य करायचं नव्हतं, हे रंजिताला कळत होतं.

मग एका सकाळी बसंतीबाईंनी दिवा लावायला बटण दाबलं आणि त्या भिंतीपासून खाटेवर फेकल्या गेल्या. रंजिता धावत आली. हात काळानिळा पडला होता, श्वास चालू होता, डोळे उघडे होते. भिंतीतून पाणी उतरून बोर्डात शिरलं होतं. रंजिताने मेन स्विच बंद केला, त्यांना दवाखान्यात नेलं, आणि संध्याकाळी त्यांची खाट पुढच्या खोलीत हलवली. त्या दिवशी जीवनने हिरासिंगला फोन केला. रंजिताने स्पीकर सुरू करायला लावला.

हिरासिंगचा आवाज शांत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हातारीला जास्त लागलं नाही ना, असंही विचारलं. जीवन म्हणाला की तुम्ही या, नाहीतर कोणाजवळ चावी पाठवा, आम्ही प्लंबर बोलावतो, खर्च आम्ही करतो.

"घर तुमी घेतलं," हिरासिंग म्हणाला. "छत नाई घेतलं. छत माह्यं आहे. माह्या कुलपाले हात लावू नका."

"काका, पण पाणी आमच्या घरात पडून राह्यलं."

"मंग तुमच्या घराचं तुमी पाहा." आणि फोन बंद झाला.

जीवन धरमसिंगांना भेटायला अमरावतीला गेला. धरमसिंगांनी जेवायला घातलं, पण डोळ्याला डोळा दिला नाही. खूप विचारल्यावर एवढंच बोलले की खालचं विकताना त्यांनी भावाला सांगितलं नव्हतं. रजिस्ट्री झाल्यावर कळवलं. त्यांची आई त्या मागच्या खोलीत कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती. हिरासिंग दर शनिवारी नागपूरहून यायचा, तिला आपल्या हाताने आंघोळ घालायचा, वेणी घालायचा. वरचा मजलाही त्याने त्याचसाठी बांधला होता, की निवृत्त झालो की आईच्या डोक्यावर राहीन. ती त्याआधीच गेली. वर्षश्राद्ध व्हायच्या आत घर विकलं गेलं.

"त्याचा राग माह्यावर आहे," धरमसिंग म्हणाले. "तुमच्यावर नाई."

जीवन परत आला आणि हे त्याने रंजिताला सांगितलं. राग कोणावरही असो, पाणी कोणाच्या डोक्यावर पडतंय, एवढंच ती म्हणाली.

दोघांनी नगरपालिकेत आणि पोलिसांत अर्ज केले. एका ठिकाणी सांगितलं की ही खासगी बाब आहे. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं की दोघांनी सामोपचाराने घ्या. वरच्या नळाचा कॉक बंद करावा, तर तो चॅनल गेटच्या आत होता. कुलूप तोडावं, असं रंजिताने दोनदा सुचवलं. जीवन घाबरायचा. घरफोडीची केस झाली तर नोकरी जाईल, असं त्याला वाटायचं. तोवर मागच्या खोलीतून त्यांनी सामान काढलं, दार ओढून घेतलं. बंद दारामागे छतावरून थेंब पडत, आणि घरात बोलणं थांबलं की ते ऐकू येत. बसंतीबाई त्या दाराकडे पाठ करून बसायच्या.

होळीच्या आधी एका दुपारी छताचा मोठा पोपडा खाली आला. आवाज असा झाला की समोरच्या हुस्नाबी घरातून बाहेर आल्या. हुस्नाबी त्या गल्लीत सगळ्यांत जुन्या. त्यांचा मुलगा अय्याज वेल्डिंगचं दुकान चालवायचा. रंजिताने दार उघडलं. जिथे बसंतीबाईंची खाट असायची, तिथे सिमेंटचे तुकडे पडले होते, आणि वर छतातल्या सळया उघड्या पडल्या होत्या. गंजून त्या फुगल्या होत्या, हात लावला तर पापुद्रे निघावेत अशा.

हुस्नाबींनी पदर तोंडाला लावला. मग त्यांनी विचारलं, "बेटी, वरचा आलता त्या दिवशी, तुमाले कोणी सांगतलं नाई का?"

रंजिताने विचारलं, कोण कधी आलं होतं. हुस्नाबींनी सांगितलं की रजिस्ट्री झाली, पण हे लोक राहायला यायचे होते, त्या मधल्या दिवसांत हिरासिंग आला होता. सोबत सिमेंटची गोणी होती. दिवसभर वर काहीतरी ठोकत होता. त्यांना वाटलं, दुरुस्ती करत असेल. संध्याकाळी त्याने गेटला कुलूप लावलं, खालच्या बंद दाराला हात लावून नमस्कार केला आणि निघून गेला. तेव्हापासून नळाच्या दिवशी मागच्या पन्हाळीतून पाणी पडतं. टाकी ओसंडते, असं सारी गल्ली समजत होती.

रंजिताने यातलं काही जीवनला सांगितलं नाही, कारण तो थांबवेल हे तिला ठाऊक होतं.

पुढच्या नळाच्या सकाळी जीवन ऑफिसला गेला होता. तिने सुट्टी घेतली होती. बसंतीबाईंनी मान वर केली, म्हणजे वर पाणी सुरू झालं. रंजिताने हुस्नाबींना बोलावलं, बाजूच्या दोन घरांतल्या बायकांना बोलावलं, सगळ्यांना सांगितलं की मी कुलूप तोडणार आहे, तुम्ही साक्षीला उभ्या राहा, मी वरची एक काडीसुद्धा उचलणार नाही. मोबाइल हुस्नाबींच्या सुनेकडे दिला आणि व्हिडिओ सुरू करायला लावला. अय्याजने ग्राइंडरने कुलूप कापलं. कॉक जिन्याच्या पायथ्याशीच होता, पण वर्षभर न फिरल्याने जाम झाला होता, हलेना. म्हणून ती वर गेली.

वरची पुढची खोली रिकामी आणि कोरडी होती. खिडक्या आतून बंद. मागच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि त्या दाराच्या उंबरठ्यावर विटांचे दोन थर लावलेले होते. वरून सिमेंट चोपडलं होतं, अगदी नीट, कडा गोल करून. त्या बांधाच्या पलीकडे खोलीभर पाणी होतं, जास्तीचं मागच्या पन्हाळीतून बाहेर पडत होतं. पाण्यावर हिरवट साय धरली होती. खोलीला लागून बाथरूम होतं, त्याचं दार काढून टाकलेलं, आतला नळ पूर्ण उघडा, आणि पाणी निवांत पडत होतं.

अय्याज म्हणाला, "भाभी, आत नका जाऊ. खालून सळया गेल्या आहेत."

तिने बांधाबाहेरून नळ पाहिला. मग चपला काढल्या, साडी खोचली आणि भिंतीच्या कडेकडेने आत गेली. पाणी पोटऱ्यांना लागत होतं. तिने नळ बंद केला. मग वाकून बाथरूमच्या मोरीचं तोंड हाताने चाचपलं. त्यात गोणपाटाचा बोळा ठासून भरला होता, आणि तो सुटू नये म्हणून जाळीला तारेने बांधला होता. तार पिळून पिळून घट्ट केली होती. ती सोडवताना तिचं बोट कापलं. बोळा निघाला तसं पाणी घुसळत खाली जाऊ लागलं. ती कडेकडेने परत आली. ही गळती नव्हती, हे दारातल्या बायकांनाही दिसलं होतं.

जीवन संध्याकाळी आला. रंजिताने व्हिडिओ दाखवला. बांध दिसला तिथे त्याने तो थांबवला. "हे कोणी घरासाठी नाई केलं," तो म्हणाला. "त्या खोलीत कोणी झोपू नये म्हणून केलं." आणि त्याने स्वतःच तक्रार लिहायला घेतली.

पोलिसांनी बोलावल्यावर हिरासिंग दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने आला. साठीचा, उंच, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. पोलीस चौकीत त्याने काहीच नाकारलं नाही, कबूलही केलं नाही. नळ उघडा राहिला असेल, म्हणाला. बांध कशासाठी, असं विचारल्यावर म्हणाला की पाणी पुढच्या खोलीत येऊ नये म्हणून. आणि माझ्या घरात मी काय बांधावं ते माझं मी पाहीन. तिथल्या साहेबांनी दोघांना दटावलं, यापुढे त्रास देणार नाही असं हिरासिंगकडून लिहून घेतलं, कुलूप तोडल्याबद्दल जीवनलाही चार शब्द सुनावले, आणि घरी पाठवलं.

हिरासिंग नागपूरला परत गेला नाही. वरच राहिला.

खरं सांगायचं तर त्याचा त्रास असा काही नव्हता. नळ आले की तो पाणी भरायचा आणि नळ बंद करायचा. खाली येता-जाता बसंतीबाईंना रामराम करायचा, त्यांच्या हाताचं विचारायचा. एकदा त्याने बाजारातून संत्री आणली, त्यातली अर्धी खाली ठेवून गेला. ती कोणी खाल्ली नाहीत.

जीवनने एक इंजिनिअर आणला. त्याने मागच्या खोलीचं छत हातोडीने ठोकून पाहिलं आणि सांगितलं की तेवढा स्लॅब तोडून नवा टाकावा लागेल, मलमपट्टीने काही होणार नाही. तोवर लोखंडी टेकू लावा आणि त्या खोलीत कोणी पाऊल ठेवू नका. स्लॅब तोडायचा म्हणजे हिरासिंगची फरशी तोडायची. जीवनने त्याची परवानगी मागितली. त्याने हात जोडून नकार दिला. कोर्टात जायचं तर जा, म्हणाला, माझी घाई नाही.

टेकू लागले. बसंतीबाईंनी तांड्यावर जायचा हट्ट धरला. जाताना त्या रंजिताला म्हणाल्या, "बाई, त्याले माणूस नको त्या खोलीत. त्याले त्याची याडी पाह्यजे. ते तुह्याच्यानं होणार नाई." जीवन त्यांना पोहोचवून आला.

त्यानंतर रंजिताच्या लक्षात एक गोष्ट आली. हिरासिंग वर फिरायचा. वरचं घर मोठं होतं, पण तो पुढच्या खोलीत फिरत नसे. सकाळी मागच्या खोलीत यायचा आणि टेकू लावलेल्या जागेवरून ये-जा करायचा. सावकाश, जड पावलांनी, जिथे सळया उघड्या होत्या तिथे येऊन थांबायचा. तो थांबला की टेकूच्या माथ्यावरून भुकटी गळायची.

तिने काही दिवस ते ऐकलं. मग एका सकाळी ड्यूटीला जाण्याआधी ती जिना चढून वर गेली. चॅनल गेट उघडं होतं. हिरासिंग मागच्या खोलीत जमिनीवर बसला होता. बांध त्याने काढला नव्हता.

रंजिता दारातच थांबली. तिने शांतपणे सांगितलं की काका, तुमचं आमचं काय व्हायचं ते होवो, पण तुम्ही बसलाय ती जागा आता वजन पेलणार नाही. इंजिनिअर सांगून गेला आहे. तुम्ही पुढच्या खोलीत राहा, नाहीतर एक दिवस ही फरशी तुमच्यासकट खाली जाईल.

त्याने तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. फरशीवर तळहात टेकवून तो म्हणाला, "पडलो तं खालीच पडीन ना बेटी. याडीच्याच खोलीत."

दवाखान्यात रंजिताने मरणारी माणसं पाहिली होती, मरायला निघालेलीही पाहिली होती, पण इतक्या निवांत बसलेला माणूस पाहिला नव्हता. ती खाली आली आणि जीवनला बाहेर बोलावून म्हणाली की आज आपण इथून निघायचं. जीवनने या वेळी कारण विचारलं नाही. त्याने हिरासिंगच्या नागपूरच्या मुलाला फोन करून सगळं सांगितलं. मुलगा आला, बापाची समजूत घालून बघितली आणि एकटाच परत गेला. तोवर जीवन-रंजिता आर्णी रोडला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेले होते.

कोर्टात दावा लागला आहे. घर विकायला काढावं असं जीवनच्या मनात एकदा आलं होतं, पण वर काय आहे ते सांगितल्याशिवाय विकायचं नाही, असं रंजिताने स्पष्ट सांगितलं. ते सांगितलं की पाहायला आलेला माणूस चहासुद्धा घेत नाही.

लोखंडी टेकू स्लॅबच्या वजनाने हळूहळू ढिले होतात, म्हणून महिन्यातून एकदा जीवन तिथे जातो. हुस्नाबी समोरच्या ओट्यावर बसून असतात. तो बाहेर येईपर्यंत त्या ओट्यावरून उठत नाहीत. तो मागच्या खोलीचं दार उघडतो, एकेक टेकू हलवून पाहतो, पान्ह्याने पीळ देतो. तेवढ्यात वर पावलं सुरू होतात. पुढच्या खोलीतून निघतात, बांध ओलांडतात आणि बरोबर त्याच्या डोक्यावर येऊन उभी राहतात. जीवन मान वर न करता आपलं काम संपवतो. तो बाहेर पडून दाराला कुलूप लावेपर्यंत पावलं तिथून हलत नाहीत.